कासारणीचं माप

“तुजा न्हाई बाई, आदी त्या पोरीचा हात आण.”

आमच्या ओतूरच्या घरी आली की कासारीण उंबऱ्यातच असं म्हणायची. बांगड्यांसाठी मी पुढे केलेला हात तसाच राहायचा, तोही माझ्या सासूसमोर. मला ती बाई आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मग हिच्याबद्दल लिहायलाच नको.

ती जुन्नरची. प्लेगात तिच्या आळीतली घरंच्या घरं रिकामी झाली. मागे राहिलेली पोरं हिने बांगड्या विकता विकता, जातपात जुळवून, घरोघर नेऊन ठेवली. पिंपरी पेंढारपासून थेट आहुप्यापर्यंत. कासारणीला माजघरापर्यंत मज्जाव नसतो, तुम्हाला ठाऊक आहेच. कुणाच्या घरात काय शिजतं हे तिला घरच्यांपेक्षा जास्त कळायचं. आमच्याकडे तिने सहा वर्षांची मुलगी आणून बसवली. “तुला लेकरू न्हाई, हिला आई न्हाई,” एवढंच म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

मग दर दोन महिन्यांनी तिची फेरी. बांगड्या हे निमित्त. पोरीचं पोलकं वर करून पाठ बघायची, केस उसकटून उवा बघायची. जसं काही मी पोरीला डागण्याच देत होते. एकदा मी विचारलं, “माज्यावर भरवसा न्हाई का?”

“भरवसा मी माज्या घरच्यांवर बी ठिवत न्हाई,” ती म्हणाली.

आणि मी काय कमी करत होते? पोरीला कुशीत घेऊन निजवत होते. दुसऱ्या कुणाबरोबर न बसवता माझ्याच ताटात, माझ्या हाताने भरवत होते.

एका दिवाळीच्या तोंडावर ती आली. चार शेजारणी बसल्या होत्या. तिने पोरीच्या हातात बांगडी चढवली, ती सहज गेली.

“गेल्या दिवाळीचं माप हाय ह्ये. वरीस झालं, हात हाय तेवढाच.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “माज्या ताटात जेवती ती,” मी म्हणाले.

“आन् तू कवा जेवतीस?”

आधी हे जेवायचे, मग दीर, मग सासूबाई. उरलेलं माझ्या ताटात. कधी भाकरी असायची, कधी अर्धी, आणि त्यात पोरीचा वाटा. मायेनं जवळ घेतली आणि माझ्याच उपासाला बसवली. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिने माझा हात ओढून माझ्या बांगड्या वर सारल्या. त्या कोपराकडे गेल्या. “हिचा बी हात उतरलाय,” म्हणाली आणि सासूबाईंकडे वळली. “मावशी, या दोगींचं ताट आदी वाडायचं. गडी मागनं. न्हाईतर पोर मी आत्ताच नेते.”

“ने की,” सासूबाई म्हणाल्या. “बायकांनी आदी गिळायचं, आसली रीत आमच्यात न्हाई.”

कासारणीने पोरीचं बोट धरलं. पोर मुकाट्याने उठली. एकदा घर सुटलेलं पोर रडत बसत नाही. दोघी पायऱ्या उतरल्या, तशी मी चुलीकडे धावले. ताटात दोन भाकऱ्या घेतल्या, पोरीला ओढून आणलं आणि ह्यांच्या आधी, सगळ्यांदेखत ओसरीवर जेवायला बसले. ह्यांनी पाहिलं आणि आत गेले. ह्यांचं मास्तरपण शाळेपुरतंच.

ताट रिकामं होईपर्यंत कासारीण समोर बसून राहिली. “भाकरी लई जाड थापतीस,” म्हणाली आणि टोपली उचलून चालती झाली.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण आमचं ताट आधी वाढलं जायला लागलं ते लागलंच. पोरीच्या अंगावर मांस आलं. कासारणीने त्याबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही.

तीन वर्षांनी प्लेग पुन्हा आला, आणि त्यात ती गेली. जुन्नरहून बाजाराला आलेल्या माणसाने सांगितलं. पोर दोन दिवस जेवली नाही. ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. तिच्यापुढे घास धरून बसले होते, तेव्हा मला दुःख झालं नाही, संताप आला. इतकी वर्षं माझ्यावर नजर ठेवली, आणि जाताना माझ्या पोरीला उपाशी ठेवून गेली.