आधी खिडकी की आधी चावी

त्या वर्षी लातूरच्या नळांना महिना महिना पाणी येत नव्हतं. मी अकरावीला होते, उदगीरहून शिकायला आलेली; खोलीतली मैत्रीण देगलूरची. हॉस्टेलात दिवसाला एकच बादली मिळायची, तरी आमचं भांडण पाण्यावरून झालं नाही. ते झालं एका जपानी चित्रकथेवरून, आणि त्यात मी तिला भर वर्गात खोटारडी म्हणाले.

कथा कुठल्याशा कोरड्या ग्रहावरची. वस्तीतल्या शेवटच्या टाकीवर एक मुलगी पहाऱ्याला असते. शेजारच्या वस्तीतले लोक रिकामे डबे घेऊन येतात आणि ती पाण्याची चावी बंद करते. आधी आम्ही मैत्रिणीच्या मोबाइलवर तिची ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका पाहिली, एकेक इअरफोन वाटून घेऊन. त्यात मुलगी खिडकीतून त्या लोकांना नीट पाहते, एका म्हातारीच्या तोंडाकडे पाहते, आणि मग चावी फिरवते. मागं व्हायोलिन. मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

मग मूळ मंगा, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक, इंग्रजीत डाउनलोड करून झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली आणि जीव भांड्यात पडला. पुस्तकात ती आधी चावी फिरवते, नंतर खिडकीशी जाते. बाहेर कोण आहे हे बिचारीला ठाऊकच नसतं! व्हायोलिन नाही, रंग नाहीत, नुसता पांढरा कागद आणि तिचे डोळे. संवाद कधीकधी विचित्र वाटायचे, उत्तर आधी आणि प्रश्न मागून. मला वाटलं, जपानी माणसं फार खोल बोलत असतील.

मराठीच्या बाई दर शनिवारी एकीला पुस्तकावर बोलायला लावत. माझी पाळी आली तेव्हा मी ॲनिमेवाल्यांची सालटी काढली. मैत्रीण हळूच म्हणाली, "पुस्तकात बी तसंच हाय गं."

मला चिडायला निमित्त शोधावं लागत नाही. "तू पुस्तक वाचलंच नाहीस. खोटारडी!"

बाईंनी तिला विचारलं, "वाचलंयस का तू?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई वाचलं."

सगळा वर्ग हसला. पुढं आठवडाभर मुली तिला "न वाचता सांग की" म्हणून छळत होत्या. मी जिंकले होते, आणि ती माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. बाहेरून फोन केला तर कट करायची.

शुक्रवारी कॉलेज बुडवून मी घरी गेले, डोक्यावरून अंघोळ करायला. दुपारी अप्पा, म्हणजे माझे आजोबा, आडतीवरून जेवायला आले. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी येत नाही. माझी मंगा उचलून ते नुसती चित्रं बघत बसले.

"लई कठोर पोरगी हाय ही," ते म्हणाले. "लोकं बघून मग चावी बंद करती."

"अप्पा, आधी चावी, मग खिडकी."

"न्हाई. खिडकीच्या चित्रात कोपऱ्यात चावी उघडी दिसायली. बंद केल्यावर उघडी कशी दिसंल?" त्यांनी उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवलं. "हे उर्दूवानी हाय, उजवीकडून."

पानामागून पान मी बरोबर वाचलं होतं, पण प्रत्येक पानातली चित्रं उलटी, डावीकडून. सगळी कथा उजवीकडून वाचून पाहिली. प्रश्नांना उत्तरं मिळायला लागली. मुलगी दोन्हीकडे तीच होती. व्हायोलिन नसल्यामुळं पुस्तकातली उलट जास्तच निर्दय वाटत होती.

तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. हॉस्टेलनं पाण्यापायी निम्म्या खोल्या रिकाम्या करायला घेतल्या होत्या. मैत्रीण उद्याच्या तासानंतर नांदेडला जाणार, तिथल्याच कॉलेजात. म्हणजे जे भर वर्गात बोलले होते ते भर वर्गात परत घ्यायला माझ्याकडे एकच तास होता.

शनिवारी उदगीर बंद. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून रास्ता रोको, एकही एसटी सुटेना. एरवी मीही घोषणा दिल्या असत्या; त्या दिवशी जिल्हा गेला चुलीत असं वाटलं. शेवटी एक काळीपिवळी जीप आतल्या रस्त्यानं निघाली. ड्रायव्हर दर गावाला थांबून सवारी भरायचा आणि मी त्याच्यावर खेकसायची. वर्गात शिरले तेव्हा तास संपवून बाई हजेरीपट मिटत होत्या.

"मी पुस्तक उलटं वाचलं," मी दारातूनच म्हणाले. "ती खरं बोलत होती. खोटारडी म्हणाले ते चुकलं माझं."

मुली पोट धरून हसल्या. मैत्रीण हसली नाही. ती दप्तर घेऊन बाहेर पडली, मी मागोमाग. फाटकाशी तिचे अब्बा रिक्षात ट्रंक चढवत होते.

"तू वाचलं होतंस?"

"तुझ्या आधी, मोबाइलवर. उर्दू येतंय मला. तुझं बोट डावीकडून चालायचं ते पहिल्याच दिवशी दिसलं. सांगणार होते, पण तू लई खुशीत होतीस."

मला रडू आवरेना. "मग 'न्हाई वाचलं' का म्हणालीस?"

"त्या तासाच्या आदल्याच दिवशी अब्बांचा फोन आलता, नांदेडला नेतो म्हणून. मी तर जाणारच होते," ती रिक्षात बसत म्हणाली. "तुला हितंच दीड वर्ष काढायचं हाय. म्हटलं, हसतील तर मलाच हसू दे."