आखणीआधीचा थकवा

महिन्यातल्या एका शनिवारी मी रोह्याहून पेणला जाते. घर रोह्याला लागूनच वरशाला, स्टेशन जवळ, गाडीत बसायला जागाही मिळते. कासूला गाडी जरा जास्त थांबली की माझी चिडचिड सुरू होते, कारण पेणला माझी माणसं आधीच येऊन बसलेली असतात. एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आमची बैठक भरते. येणारे सगळे कॅन्सरमधून उठलेले, मीही त्यातलीच. उपचार संपले, केस परत आले, पण थकवा घरजावयासारखा ठाण मांडून बसला. त्या थकव्याबरोबर दिवस कसा काढायचा, हे मी शिकवते. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, पण हा विषय मला आजारी पडल्यावरच कळला.

हा थकवा झोपेने जात नाही. रक्त तपासून घ्यायचं, थायरॉइड बघायचं, आणि तिथे काही सापडलं नाही तर दिवसाची मांडणी बदलायची. थोडं चालायचं, थोडं टेकायचं. बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी सगळं घर धुऊन काढायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण रिपोर्ट चांगला आला की घरच्यांच्या लेखी प्रकरण मिटलेलं असतं. माझ्या एका नातेवाइकाने मला सांगितलं होतं, विचार करणं सोड, थकवा आपोआप जाईल. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. मुंगी आपल्याच घरात चालायला लागली की मात्र कुणाला धीर धरवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पेणजवळच्या जोह्याची एक बाई बैठकीला यायला लागली. चाळिशीची असेल. एकटीला एसटीने कशी पाठवायची म्हणून सासू बरोबर यायची आणि मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसायची. त्यांचा गणपतीचा कारखाना. घरात आखणी फक्त या सुनेच्या हातची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे ते तिनेच. सासऱ्यांनी स्वतः तिला शिकवलं होतं. ते गेल्यावर कारखाना दिराकडे आला आणि आखणीचा ब्रश हिच्याकडे राहिला.

आता तो ब्रश हलायला लागला होता. सकाळी ती घरचं आवरायची, मग बायकांबरोबर मूर्ती घासायला बसायची, कारण बाकीच्या कामाला बसल्यात आणि आपण नुसतं बघायचं हे तिला पटत नसे. रंगाचं काम होऊन चेहरे वाळेपर्यंत संध्याकाळ व्हायची. डोळे सगळ्यात शेवटी. तोवर तिच्या अंगात काही उरलेलं नसायचं. एक बुबुळ तिरकं गेलं की पूर्ण चेहरा पुन्हा रंगवायचा. दीर चांगला माणूस, त्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की यंदा हमरापूरहून कुणाला तरी आखणीला बोलवू, तुम्ही आराम करा. ते ऐकून ती हबकली होती. एकदा दुसऱ्याचा हात बसला की ब्रश परत मिळत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी माझं नेहमीचं सांगितलं. ज्या कामात जीव आहे ते ताकद असताना करायचं, म्हणजे सकाळी. घासणं दुसऱ्यांवर सोडायचं. दुपारी थोडा वेळ आडवं व्हायचं. आणि आज रंगवलेल्या मूर्तींचे डोळे उद्या सकाळी काढायचे.

तिने मान खाली घातली. मागून सासू बोलली.

"ते नाय जमायचं. रंगवलेला चेहरा रातभर बिनडोळ्यांचा ठेवायचा नाय. आमच्या ह्यांनी कधी ठेवला नाय."

तो त्यांच्या घरचा नियम होता. आजूबाजूच्या कारखान्यांत कुणी पाळत नसे, पण सासऱ्यांनी जन्मभर पाळला होता. मला राग आला. गेलेल्या माणसाच्या शब्दासाठी जिवंत माणसाला राबवायचं, हा कुठला न्याय? तोंडावर आलं होतं, पण गिळलं. म्हातारीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, आणि नवऱ्याचं म्हणून जे काही तिच्याकडे उरलं होतं त्यात हा नियम होता. तेवढ्यात सून बोलली. माझ्याशी बोलली, पण ऐकवलं सासूला.

"ताई, आखणी गेली तर मी बरी होऊन काय करू?"

सासू खिडकीकडे बघत राहिली. बैठक संपल्यावर दोघी जिना उतरून गेल्या, म्हातारी पुढे आणि सून कठड्याला धरून मागे. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणत मी रोह्याची गाडी पकडली.

पुढचे दोन महिने दोघी आल्या नाहीत. हमरापूरचा माणूस आला असणार, असं मी धरून चालले. मला वाईट वाटत होतं आणि सासूचा रागही येत होता. शेवटी एका शनिवारी बैठक आटोपून जोह्याची एसटी धरली.

कारखान्यापर्यंत पोचले तेव्हा दुपार होती. आत फळ्यांवर मूर्ती रांगेने मांडलेल्या. काहींचे डोळे काढून झालेले, नजर अगदी सरळ. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे टाकले होते. जुनं धोतर फाडलं होतं, सासऱ्यांचंच असणार. काठ तसाच होता.

दारात सासू स्टूल टाकून बसली होती. माझ्या पुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, मुंबईचं असावं. त्याच्या गणपतीचे डोळे राहिले होते आणि ते आत्ताच काढून द्या म्हणून तो मोठ्याने हुज्जत घालत होता. म्हातारी उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून त्याच्यासमोर उभी राहिली.

"हळू बोला," ती म्हणाली. "डोळं उद्या सकाळी. आता माझी सून झोपलीय."