कॉलेजातल्या लोंब्या

मी डबा विसरले की आई अंधेरीतल्या आमच्या गावठाणातून चालत कॉलेजच्या फाटकापर्यंत येते, डबा वॉचमनच्या हातात देते आणि तिथूनच मागे वळते. मी इथे इतिहास शिकवायला लागले तेव्हापासून हे असंच चाललंय. कॉलेज उभं आहे तिथे तिच्या बापाचं भाताचं शेत होतं. सरकारने ते घेतलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. "त्या कॉलेजान मी पाय ठेवनार नाय," हे तिचं तेव्हापासूनचं पालुपद. माझ्या नोकरीला मात्र तिची कधी ना नव्हती. रुसवा कुठवर ताणायचा ते तिला बरोबर कळतं. पण निदान एकदा तिने माझा वर्ग पाहावा, असं मला फार वाटायचं.

यंदा कॉलेजचा सुवर्णमहोत्सव. इतिहासाचं प्रदर्शन अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. कपाटातून पायाभरणीचे फोटो निघाले, सगळे हारतुरे आणि घामाघूम पुढारी. मला वैताग आला. त्याआधी इथे काय होतं ते गावठाणात जाऊन विचारा, असं मी पोरांना सांगितलं. ती नेमकी आमच्याच दारात गेली.

"आजी, कॉलेजच्या आधी तिकडे काय होतं?"

आई त्यांना हाकलून देईल असं मला वाटलं होतं. तिने खुर्च्या काढल्या. कॉलेजातून कुणी तिला हे विचारायला येण्याची ही पहिलीच वेळ. शेत, बांध, आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेणं, सगळं तिने सांगितलं. "आता लोंब्या इकत आनतो. देवाला कळत नसेल काय?"

पोरांनी ते मनावर घेतलं. बॉटनीच्या सरांना गाठून लायब्ररीमागच्या पट्ट्यात भात लावलं. बरंचसं चिमण्यांनी फस्त केलं, उरलेलं पिकलं. मग वर्गातली एक मुलगी आईकडे गेली. "आजी, लोंब्या तुम्हीच कापायच्या. तुम्ही आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही."

मी आईकडे विषय काढला नाही. काढला असता तर ती हटकून नाही म्हणाली असती.

आगेऱ्याच्या सकाळी ती लाल लुगडं नेसून फाटकाशी आली. वॉचमनने सवयीने हात पुढे केला.

"आज डबा नाय," असं म्हणून तिने पिशवीतला विळा दाखवला आणि सरळ आत आली. मला रडूच आलं, तेही पोरांसमोर.

पट्टा बघून ती खो खो हसली. "यो भात? गवत हाय रे!" तरी वाकून लोंब्या कापल्या, जुडी बांधली. जाताना माझ्या वर्गात पहिल्या बाकावर जरा टेकली आणि पंखा नीट चालतो का ते विचारलं.

चर्चच्या पायऱ्यांवर शेजारणीने तिला हटकलं, "कुठना आनल्यास गं एवढ्या हडकुळ्या लोंब्या?"

"आमच्या कॉलेजान पिकल्या," आई म्हणाली.