दिवस मावळेपर्यंत

देवाला माझं ऐकू येतं, हा भरवसा त्या वर्षी माझ्यात उरला नव्हता. कोल्हापुरात तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि मी गडमुडशिंगीत नांदत होते. आमचे मालक गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस नेमका कधी उतरवायचा, ते गुळव्या सांगतो. जरा उशीर झाला की गूळ करपतो, घाई केली तर पाघळतो. मालक फेसाकडं बघत उभे राहायचे आणि एकदम ओरडायचे, "उतरा!" भाकरी थापताना ती हाक मला घरात ऐकू यायची. नवऱ्याच्या आवाजावर जीव जडला असं बायका बोलून दाखवत नाहीत. माझा जडला होता.

दारूनं ती हाक नेली. हात कापायला लागले, तेव्हा त्यांना काहिलीजवळ कुणी उभं करेना. दिवसभर ते घरातच पडून असायचे, आणि समोर असलेल्या माणसाची मला आठवण यायची. मेलेल्याची आठवण माणूस सोसतो. ही सोसवत नव्हती.

उपाय करायचा मी कुठला ठेवला नाही. वैद्यानं पूड दिली, ती ताकातून पाजली. उलट्या झाल्या, दारू तशीच राहिली. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. त्यानं लिंबू कापलं आणि कोंबडा घेऊन गेला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. यकृत सुजलंय, दारू सुटली नाही तर पुढचा हंगाम दिसायचा नाही, म्हणाले. सोडायची कशी, असं मी विचारलं. "मन घट्ट करून," म्हणाले. ते औषध कुठं मिळतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आमच्याकडं शेवटचा उपाय म्हणजे शपथ. भावकीनं मालकांना जोतिबाच्या डोंगरावर नेलं आणि गुलाल उचलायला लावला, की जन्मात दारूला शिवणार नाही. गुलाल उचलून माणूस खोटा पडला तर देव त्याला टाकतो, अशी आमची समजूत. शपथ मोडली. आधी ते संध्याकाळी प्यायचे, आता सकाळपासून प्यायला लागले. "देवानंच टाकलंय, आता कुणासाठी थांबू?" म्हणायचे. यावर भावकीला सुचलं काय, तर याहून कडक देवाची शपथ घालावी. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांना बैलगाडीत घातलं आणि मी नरसोबाच्या वाडीला निघाले.

कुरुंदवाडाकडून पंचगंगा ओलांडायला नाव होती. ऊन रणरणत होतं. घर सोडल्यापासून मालकांना थेंब मिळाला नव्हता, अंग लटलट कापत होतं. नावेत आम्ही दोघं आणि नावाडी. नावाडी मुसलमान, वयस्कर, ओठ सुकून पांढरे पडलेले. नाव मध्यावर आली आणि मालक ताडकन उभे राहिले.

"माघारी न्ये मला. मी देवळात येत न्हाय."

"आता आनि काय झालं?" मी म्हटलं.

"जोतिबाला फशीवलंय. आता ह्याला बी फशिवू व्हय? जन्मभराचं माझ्यानं हुत न्हाय. मरतोय तर मरू दे की!"

"खाली बसा, पावणं," नावाडी म्हणाला. "शपथ घ्यायच्या आदीच तिघं बुडू."

"तू गप वल्हं मार. ओठ बघ सोताचं! एवढी नदी हाय, पानी पी आदी."

"रोजा हाय."

"पान्यात बसून पानी पीत न्हाईस? जमतंय कसं?"

"दिस मावळंपतूर जमवायचं आसतंय. जन्मभर पिऊ नगं म्हटलं आसतं, तर दुपारलाच मोडला आसता."

मालक खाली बसले. मग नावाडी आपणहून म्हणाला, "दारू बी मी आशीच सोडली. रमजानात शिवायचो न्हाय. एका ईदीला वाटलं, आजचा दिस आनि काढू. आजून त्योच काढतोय."

"आन् रातीला?"

"रातीला उजाडंपतूर."

काठाला लागताना तो माझ्याकडं वळला. "भैन, पयलं दोन-चार दिस लई वंगाळ. मानूस नसल्यालं बघतंय, वरडतंय. भूत न्हवं ते. एकट्याला सोडू नगा. वळखीचा डाक्टर हाय, धाडतो."

पादुकांपुढं मालक उभे राहिले. शपथेसाठी आणलेला नारळ त्यांनी हातात घेतला नाही. "सांजच्या आरतीपतूर," एवढंच म्हणाले. देवाशी अशी घासाघीस करणारा माणूस मी पाहिला नव्हता. आरती झाली, तशी मान वर न करता म्हणाले, "उजाडंपतूर."

पुढचे दिवस खरंच वंगाळ गेले. आम्ही वाडीतच धर्मशाळेत राहिलो. तिथल्या भिंतीवर त्यांना मुंग्या दिसायच्या, मला ते ओळखायचे नाहीत. डॉक्टर आला. त्यानं झोपेचं औषध दिलं आणि पेज पाजत राहा म्हणाला. मी उशाशी बसून राहिले. देवाकडं काही मागायचं मला सुचेना. मागून मागून तोंड दुखलं होतं. तुझं तू बघ, म्हटलं, आणि पेज पाजत राहिले. एका सकाळी ते नीट बोलले, "पेजंत मीठ न्हाय." मी भांडं खाली ठेवलं आणि रडले.

त्यानंतर रोज सकाळी ते गुलालाची चिमूट कपाळाला लावायचे, दिवस मावळेपर्यंतचं बोलायचे आणि कामाला लागायचे. एका बेंदराला, बैलांच्या सणाला, मोडलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान खाली घालून पुन्हा चिमूट घेतली. मोडला तो एकच दिवस होता. हंगामात मी भाकरी थापत होते आणि शिवारातून हाक आली, "उतरा!" तव्यावरची भाकरी जळाली, जळू दिली.

लोक म्हणतात, तो नावाडी म्हणजे दत्तगुरूच. मी तसं म्हणत नाही. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यानं नावेचं भाडं सोडलं नाही. पण त्याच दिवशी, त्याच नावेत त्याला कुणी बसवलं, ते मी विचारत बसत नाही. तो जाऊन खूप काळ झाला. रमजानात त्याच्या घरी गुळाची ढेप अजून जाते.

मालकही गेले, म्हातारे होऊन, शुद्धीत गेले. आता थोरला मुलगा गुळव्या आहे. त्याची हाक चांगली आहे, पण ती नव्हे. हंगाम आला की माझे कान आपोआप शिवाराकडं लागतात, आणि त्यांच्याशिवाय एवढं आयुष्य कसं काढायचं, या विचारानं हात थांबतो. मग मी गुलालाची चिमूट घेते. देवा, दिवस मावळेपर्यंत, म्हणते आणि चूल पेटवते.