सरनंच ठेवला गाडीत

ती मुलगी खरं बोलत होती. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोबतच्या मास्तरांना नाही, देवासमोरसुद्धा स्पष्ट शब्दांत नाही. तिला चारचौघांत खोटी ठरवणारा मी होतो, आणि मी तिचा मास्तर होतो.

आता सरळ सांगतो. गोल गोल बोलण्यात अर्धं आयुष्य गेलं.

शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. हेडमास्तर आणि मी. मी वर्ध्याहून अप-डाऊन करायचो. तळेगावपर्यंत बस, पुढे कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून आतल्या गावात. मला वर्ध्याजवळ यायचं होतं. घरी कारणं होती. ती इथे मांडत नाही. कारणं सगळ्यांकडेच असतात.

गावाबाहेर, नाल्यापलीकडे पारधी समाजाचा बेडा होता, दहा-पंधरा झोपड्यांचा. शाळेत न येणारी मुलं शोधून आणा असा वरून आदेश आला आणि मी बेड्यावर गेलो. बाकीच्यांनी दारं ओढून घेतली. एक बाई बोलली. घरात त्यांची बोली वेगळी, पण गावकऱ्यांशी बोलायची ती गावचीच भाषा.

“गुर्जी, गावात काई बी हरपलं का आमच्याच झोपड्या उलथ्या करते लोकं,” ती म्हणाली. “पोरगी शाळेत आली अन् कोन्या पोराची पेन्सिल गेली, तं?”

“मी आहे ना,” मी म्हणालो. “माझ्यासमोर तिला कोणी काही म्हणणार नाही.”

“तुमी हाय म्हंता?”

“हो.”

“मंग नेजा.”

हा शब्द मी दिलेला होता. कोणी माझ्याकडून वदवून घेतला नव्हता.

मुलगी आली. दाराजवळच्या पट्टीवर बसायची, कारण बाकीची मुलं सरकून जागा देत नसत. मी दोनदा रागावलो, मग तिसऱ्यांदा कंटाळलो. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. तिला फक्त ‘काऊन’ म्हणायचं असायचं, म्हणजे ‘का’. “सर, पाढा वरून खालीच काऊन म्हनाचा?” “सर, पोळा बैलाचा असते, तं गाईचा काऊन नसते?” अख्खा वर्ग हसायचा आणि मला उत्तर यायचं नाही. दुसऱ्या वर्षी ती तिसरीत गेली तेव्हा तिच्याइतकं जोरात आणि न अडखळता वाचणारं कोणी नव्हतं. मी हे पालकसभेत सांगितलं होतं, माझंच कौतुक म्हणून. बघा, मी कशी घडवली.

त्या वर्षीचा तान्हा पोळा. आमच्याकडे बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडी बैल, खाली चाकं, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. पोरं दोरी धरून ओढत आणतात. शाळेत आम्ही स्पर्धा ठेवली आणि बक्षिसाला वरचे एक साहेब बोलावले. बोलावले मीच. हेडमास्तर म्हणाले होते, सरपंच पुरे. पण त्या साहेबांच्या एका सहीवर माझं वर्ध्याकडे येणं अडलेलं होतं.

मुलं सकाळपासून रांगेत. साहेब उशिरा आले. तोवर ऊन चढलं, बेगड घामानं पोरांच्या हाताला चिकटली, लहान मुलं रडायला लागली. मी त्यांना गप्प करत होतो. सावलीत बसवावं हे मला सुचलं नाही, कारण साहेब येतील तेव्हा रांग सरळ दिसायला हवी होती.

तिच्याकडे बैल नव्हता. तिनं एका विटेला सुतळी बांधून ओढत आणली होती. विटेला हळदीकुंकूही लावलेलं.

“हा बैल आहे?” मी विचारलं.

“हो ना सर. बसला हाय.”

मी हसलो. खरंच हसलो. त्या दिवसातलं माझं तेवढंच खरं होतं.

पहिला नंबर आला तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा. त्याचा बैल त्याच्या आजोबांनी कोरलेला. घरची बंडी, म्हणजे बैलगाडी, मोडली तेव्हा तिच्या जुवाचं लाकूड म्हाताऱ्यानं जाळू दिलं नाही, त्यातून नातवासाठी बैल काढला. वशिंडाजवळ जुन्या लोखंडी कडीचा काळा वण तसाच ठेवलेला. डोळ्यांच्या जागी गुंजा बसवलेल्या. आजोबा त्याच उन्हाळ्यात वारले होते. मुलगा बैल खाली ठेवायलाच तयार नव्हता. फोटोसाठी म्हणून मी त्याच्या हातातून घेतला. “जेवण झालं की ने,” मी म्हणालो.

मुलं मसालेभात आणि बुंदीवर बसली. हेडमास्तर आणि गावातली मंडळी वाढत होती. ऑफिसात मी, साहेब आणि चहा. टेबलावर तो बैल.

साहेबांनी तो उचलला, फिरवून पाहिला. “काय हात आहे हो! नातवाला असाच पाहिजे होता. बाजारात सगळा मशीनचा माल.”

त्यांनी मागितला नाही. मी कितीही प्रयत्न केला तरी ते वाक्य त्यांच्या तोंडी घालता येत नाही. मी म्हणालो, “न्या ना साहेब.”

“अहो, पोराचा असेल कोण्या.”

“नाही नाही. शाळेचाच आहे.”

सत्कारात त्यांना दिलेली शाल मी उलगडली, तिच्यात बैल गुंडाळला आणि स्वतः नेऊन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. नारळ बाजूला. दार लावून वळलो तर ती उभी. हातात सुतळी, मागे वीट.

“सर, बैल कुठी चालला?”

“जा, जेवायला बस.”

साहेब गेले. माझ्या डोक्यात सोपं गणित होतं. मुलगा रडेल, मी वर्ध्याहून दुसरा बैल आणून देईन, याहून मोठा, रंगीत. मुलांना काय, चार दिवसांत विसरतात. मुलांबद्दल असं वाटायला मास्तरच असावं लागतं. दुसऱ्या कोणाला एवढं धाडस होत नाही.

मुलगा ऑफिसात आला. मग रडत बाहेर गेला. मग त्याचा बाप आला. तो तिथेच वाढत होता, हाताला भाताची शितं.

“सर, बैल कुठं हाय पोराचा?”

“इथंच टेबलावर होता,” मी म्हणालो.

मी ‘होता’ म्हणालो. त्या एका शब्दावर सगळं घसरत गेलं. हेडमास्तरांनी विचारलं, ऑफिसाजवळ कोण होतं? आणि कोणत्या तरी मुलानं, अगदी उत्साहानं, वर्गात उत्तर द्यावं तसा हात वर केला. “थे होती सर, बेड्यावरची!”

तिची पिशवी ओट्यावर उलटी केली गेली. एक पुस्तक, एक वही, अर्धी पेन्सिल, कागदात बांधलेली बुंदी. बुंदी सांडली. ती कोणासाठी बांधली होती ते कोणी विचारलं नाही.

“सांग, कुठं लपवला?” हेडमास्तर.

“मी नाई घेतला.”

“मग कोणी घेतला?”

तिनं माझ्याकडे बोट केलं. घाबरून नाही, रागानंही नाही. मी प्रश्न विचारला की ती जशी सरळ उत्तर द्यायची तशी. “सरनंच ठेवला गाडीत. सायबाच्या.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हेडमास्तर साधे गृहस्थ. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की मी हो म्हणालो असतो तर ते सावरून घ्यायला तयार होते. एक फोन, दोन वाक्यांची लाज, संध्याकाळपर्यंत बैल परत. एवढंच लागणार होतं.

मी म्हणालो, “खोटं बोलते. मी गाडीत शाल अन् नारळ ठेवला.”

शाल आणि नारळ ठेवलाच होता. ही हुशारी मला त्या क्षणी सुचली, आणि इतका किळसवाणा विचार माझ्या डोक्यात त्याआधी कधी आला नव्हता.

“मास्तरवर आळ घेते!” मुलाचा बाप ओरडला. “हे शिकवता इथं ह्या पोरायले? म्हून म्हनत होतो, कायले आनता बेड्यावरचे पोट्टे!”

ती माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी तिनं ‘काऊन’ विचारलं नाही.

गावातली माणसं बेड्याकडे निघाली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी बस पकडली. एका लाकडी बैलासाठी झोपड्या उचकायला लोक निघाले होते आणि मला माझी बस चुकायला नको होती. खिडकीजवळ जागा मिळाली याचं बरंसुद्धा वाटलं. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण त्यानं काय होणार आहे? तेही नाटकच.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. शाळेतून मिळालेली पुस्तकं आणि गणवेश घडी करून घेऊन. गणवेश धुतलेला होता, ओला. तिनं ते हेडमास्तरांना दिलं नाही. माझ्या टेबलावर ठेवलं.

“माही पोरगी एक वेळ चोरी करन, गुर्जी. भूक लागली तं कोनाच्या वावरातलं कणीस तोडन. पन खोटं नाई बोलत ते.”

“मी बघतो,” मी म्हणालो.

“आता काय पाहाचं राह्यलं?”

ती गेली. वीट ओट्याखाली पडून होती, हळद लागलेली. शिपाई नव्हता आमच्याकडे, झाडलोट मुलंच करायची. मीच ती उचलून कुंपणाबाहेर फेकली.

मुलगी परत आली नाही. तिच्या पाठचे भाऊही शाळेत आले नाहीत, बेड्यावरून कोणीच आलं नाही. हेडमास्तर एकदा म्हणाले, “आपण एकदा जाऊन पाहू का?” मी म्हणालो, “काही उपयोग नाही सर, त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.” हे वाक्य मी पुढे बऱ्याच बैठकांत ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

दिवाळीनंतर साहेबांच्या सहीनं माझी प्रतिनियुक्ती झाली, वर्ध्याजवळ, पवनारच्या अलीकडे. घरी पेढे वाटले. मुलाला दुसरा बैल मी आणून दिला नाही. दिला असता तर संशय आला असता, असं स्वतःला समजावलं.

साहेब निवृत्त झाले. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. दर तान्ह्या पोळ्याला त्यांच्या स्टेटसला नातवासोबत तो बैल असतो, वशिंडाजवळच्या काळ्या वणासकट. खाली लिहिलेलं असतं, ‘आपली जुनी कला जपू या.’ मला संताप येतो. फोन फेकावासा वाटतो. मग आठवतं, त्या माणसानं विचारलं होतं. पोराचा असेल म्हणाला होता. त्याच्यावर राग काढायची सोयसुद्धा मी माझ्यासाठी ठेवलेली नाही.

एवढ्यावर मी गप्पच राहिलो असतो. गप्प राहण्याची मला चांगली सवय आहे. पण या वर्षी पोळ्याच्या आधी एका लग्नाच्या बोलणीसाठी तळेगावला गेलो होतो. बसस्टँडवर एका तरुणानं वाकून पाय धरले. मिशा फुटलेला, हातात नवं हेल्मेट.

“ओळखलं नाई का सर? माहा पयला नंबर आलता. बैलाचा.”

मी ओळखलं. त्यानं चहा पाजला. शेती करतो, सोबत दुकान आहे. मग हसत म्हणाला, “थे बेड्यावरची आठवते का सर? माहा बैल नेलता अन् तुमच्यावर ढकलून राह्यली होती! आमी आताबी हासतो. कोनाचं काई हरपलं का म्हनतो, सरनंच ठेवला गाडीत!”

बाजूच्या टपरीवरचा त्याचा मित्रही हसला. त्याला ते वाक्य पाठ होतं. म्हणजे गावात ते चालतं अजून. तिनं खरं म्हणून उच्चारलेलं वाक्य लोकांनी खोट्याचा नमुना करून ठेवलं आहे, आणि ती नाल्यापलीकडे राहत असेल तर तिनंही ते ऐकलं असणार.

मला त्या पोराचा भयंकर राग आला. कॉलर धरून सांगावंसं वाटलं, अरे, तुझ्या आजोबांचा बैल मी दिला. मी.

मी हसलो. त्याच्यासोबत, तोंड उघडून. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा निदान घाबरलेला होतो. या वेळी भीती कशाचीच नव्हती. बदली झालेली, साहेब निवृत्त, माझीही नोकरी संपत आलेली. तरी हसलो.

म्हणून हे लिहिलं. लिहिल्यानं काही फिटत नाही. ज्यांनी वाचायला हवं त्यांच्या हाती हे पडणार नाही, हे मला कळतं.

त्या मुलाला मी त्याच्या आजोबांचा बैल देणं लागतो. त्या आईला, मी दिलेला शब्द. आणि त्या मुलीला, जी आता बाई झाली असेल, एक वाक्य देणं लागतो. ‘ती खरं बोलली होती, खोटा मी होतो.’ ते मला त्याच शाळेच्या ओट्यावर उभं राहून, गाव गोळा करून, बेड्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.