शंभरातलं टणक बी

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दिवशी विकत घेतलेली नाही. अगदी काडेपेटीसुद्धा. दुकानदारासमोर दोन काड्या ओढून पाहायच्या, दोन्ही पेटल्या तरी "दोन काड्या म्हंजे काही नमुना न्हाई," असं पुटपुटत तिसरी काढायची आणि दुकानदाराने पेटी हिसकावून घेतली की उद्या पुन्हा यायचं, हा त्यांचा शिरस्ता. यात त्यांचा दोष म्हणावा तर तो त्यांच्या नोकरीचा. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं बियांची उगवण तपासली. आलेल्या मालातून शंभर दाणे मोजून काढायचे, ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि आठवड्याने उलगडून पाहायचं. किती उगवले, किती विकृत निघाले, किती मेले. ठरलेल्या टक्केवारीच्या खाली आकडा गेला तर अख्खा लॉट नापास, मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही सही बदलली नाही, असं त्यांच्या निरोप समारंभात मालकानेच सांगितलं. ते कौतुकाने सांगितलं की वैतागून, हे मात्र मला कळलं नाही.

माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. लग्नाच्या पंगतीत ते जिलेबी वरची घेत नाहीत. पोत्यातला नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यायचा असतो, तसा ते वाढप्याला टोपलं तिरकं करायला लावून तिन्ही थरांतली एकेक जिलेबी मागतात. भोकरदनला माझ्या मेव्हणीला, म्हणजे आम्ही सगळे जिला ताई म्हणतो तिला, पाहायला आले तेव्हा ते एकदा नव्हे, तीनदा आले. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दिवेलागणीला. सासरे शेवटी म्हणाले होते, "पाव्हणं पोरगी बघायला येऊन राह्यलंय का पंचनामा करायला?" त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आजही कुठल्या ना कुठल्या धान्याची ओली गुंडाळी असतेच. ताईने एकदा चिंधी समजून त्या गुंडाळीनेच शेगडी पुसली, तेव्हा हे गृहस्थ सुतक असल्यासारखे दोन दिवस जेवले नाहीत. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तिने आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरं सांभाळली, त्यामुळे एकेचाळिसाव्याचं तिला विशेष काही वाटत नसे.

तर अशा माणसाच्या घरात गाडी घ्यायची ठरली. कारण आमच्या सासूबाई. भोकरदनला धाकट्या मेव्हण्याकडे असतात. वय ऐंशी ओलांडलेलं, आणि गेल्या वर्षी न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं. हाड जुळलं, पण एसटीची पायरी कायमची बंद झाली. त्यांची एकच इच्छा उरली होती: थोरल्या लेकीच्या घरी आठ दिवस राहायचं, तिने अंगणात लावलेल्या लिंबाखाली बसायचं. भाड्याची जीप करू म्हटलं तर म्हातारी ऐकेना. "माझ्या लेकीनं नोकरी केली ती काय मला भाड्याच्या गाडीत न्यायला? लेकीच्या गाडीत येईन, न्हाई तर हितंच बरी हाय." ताईने हे इतकं मनावर घेतलं की सेवेच्या शेवटच्या वर्षात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिने गाडी शिकून लायसन काढलं. घरात गाडी नसल्याने बसलेला हात मोडू नये म्हणून ती साडूंच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून पायाने नसलेला क्लच दाबत असे. वळणावर तर दोन्ही हात हवेत फिरवायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, मास्तरीणबाई काहीतरी योगासनं करतात.

गाडी कोणती, हे सात महिन्यांत ठरलं. साडूंच्या मानाने ही घाईच. खरा घोळ त्यानंतर सुरू झाला, पैसे कसे द्यायचे यावर. रोख द्यायचे, शोरूममधूनच कर्ज घ्यायचं, की पुण्याच्या पुतण्याने सांगितलं तशी लीजवर आणायची. म्हणजे महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, विमा-दुरुस्ती त्यांची, आणि चार वर्षांनी गाडी परत. साडू तीन वेळा शोरूमला गेले, दर वेळी वेगळा सदरा घालून, आणि दर वेळी वेगळं सांगितलं. घरी येऊन मला निकाल वाचून दाखवला. "कर्ज म्हटलं तवा चहा आला, सुधाकरराव. शुक्रवारी गाडी दारात म्हणे, सीट कव्हर फुकट. रोख म्हटलं तवा नुसतं पाणी आलं. अन् लीज म्हटलं तवा मॅनेजर सोता उठून आला." मग म्हणाले, "मी त्यास्नी इचारलं, चार सालांनी गाडी परत गेली की आमच्यापाशी काय ऱ्हातं? तर म्हणे, नव्या गाडीचा नवा करार. आमच्याकडं तसं न्हाई. लॉट सगळा इकून गेला तरी त्यातला मूठभर नमुना पिशवीत घालून कपाटात ठिवावाच लागतो. राखीव नमुना. कोणी उद्या इचारलं तर दाखवायला आपल्यापाशी काहीतरी पायजे ना?"

मी बँकेत आहे. गाडीची कर्जं हा माझा रोजचा भाकरतुकडा. पण मला त्यांनी काही विचारलं नाही. मीच एकदा तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, "तुम्ही बोलू नका. बियाणं इकणाऱ्यानं सोताच उगवण सांगू न्हाई."

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. शंभर माणसं मोजून काढली. वही केली, रकाने आखले आणि जालना शहरातून मतांचा नमुना गोळा करायला सुरुवात केली. वरच्या थरातले, मधल्या थरातले, तळातले. न्हावी झाला, भोकरदन गाडीचा कंडक्टर झाला, गणपती मंदिरातले पुजारी झाले. शेजारचे कापडवाले शेठ, ज्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान टाकलं, ते म्हणाले, "साहेब, जिस चीज की किंमत रोज उतरती है, तिच्यावर रोज ब्याज भरायचं? हे आपल्याला बिलकुल जमत न्हाई." हे रोखीच्या रकान्यात गेलं, ठळक अक्षरात. दातांच्या डॉक्टरांना यांनी तोंड उघडं असताना विचारलं. त्यांना काही ऐकू आलं नाही, त्यांनी दाढ काढून हातात दिली. ते मत 'विकृत' म्हणून नोंदवलं गेलं. एका जुन्या सहकाऱ्याने गाडीऐवजी दोन म्हशी घ्यायला सांगितलं, तेही विकृत. शंभरावा नंबर त्यांनी ताईला दिला. ती भाकरी थापत होती. "तुला काय वाटतं, रोख, कर्ज का लीज?" तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. यांनी तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत वाट पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

निकाल लागला. रोख एकेचाळीस, कर्ज अडतीस, लीज नऊ, विकृत सात, उत्तर न देणारे मेलेले चार आणि ताईचा एक. पास व्हायला त्यांनी साठ ठरवले होते, तिथवर कोणीच नाही. म्हणजे तिन्ही लॉट नापास. आता नियमाप्रमाणे पुन्हा चाचणी, नवी शंभर माणसं.

तोवर पंचमी गेली होती, दिवाळी गेली, संक्रांतही गेली. दर रविवारी सासूबाईंचा ताईला फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय गं, उगवली का गाडी?" आम्ही सगळे हसायचो. एका रविवारी मी आणि बायको तिथेच बसलो होतो. ताईने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. म्हातारीने त्या दिवशी तो प्रश्नच विचारला नाही. खुब्याचं विचारल्यावर म्हणाली, "बराय." मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं गाडीचं. त्यांचं तपासून होईस्तोवर मी काय उगवून थांबती व्हय?" ती हसली. आमच्यापैकी मात्र कोणी हसलं नाही. साडू दुसऱ्या शंभराच्या वहीत रकाने आखत होते, त्यांची पट्टी तिथल्या तिथे राहिली.

ताई उठली आणि तिने पहिली वही उघडली. शंभराव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिव्हलंय माझ्यापुढं? टणक?"

"टणक म्हंजे वाईट न्हाई," साडू घाईघाईने म्हणाले. "काही बी टणक असतं. पाणी शोषत न्हाई, तसंच पडून ऱ्हातं. पण मेलेलं नसतं ते. जित्तं असतं बिलकुल. त्याला फक्त पाणी लागायला टाइम लागतो."

"लागलं पाणी," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती पर्स घेऊन माझ्या टेबलासमोर हजर. तिचा हिशोब भाकरी थापता थापता केव्हाच झालेला होता. लीज नको, कारण चार वर्षांनी परत द्यायची ती आईच्या लेखी भाड्याचीच. शोरूमचं कर्ज नको, फुकट सीट कव्हरचे पैसे कुठून येतात ते तिला कळतं. बहुतेक रक्कम तिच्या साठलेल्या पैशांतून आणि राहिलेली थोडी आमच्या बँकेकडून, तीन वर्षांसाठी, तिच्या नावावर. मी कागद पाहिले. "ताई, सगळीच रोख देता येईल की तुम्हाला. कर्ज कशाला?"

"येईल," ती म्हणाली. "पण एक हप्ता ठिवा, सुधाकरराव. ह्यांना म्हयन्याला काहीतरी तपासायला लागतं. न्हाई तर दिवसभर माझ्याच मागं."

गाडी एका साध्या गुरुवारी आली. शोरूमवाल्यांनी जुनी स्कूटर देऊन टाका, तिचेही काही पैसे मिळतील, असं सुचवलं, तेव्हा साडूंनी स्कूटरची किल्ली खिशात खोल सरकवली. शनिवारी आम्ही म्हातारीला आणायला निघालो. ताई चालवायला, शेजारी मी, मागे माझी बायको. साडू गाडीत बसेनात. "लॉटात बसून लॉट तपासता येतो का? मी मागून येतो. मागून चालती कशी ते पाहायला पायजे." आणि खरोखर डोक्यावर हेल्मेट चढवून ते स्कूटरवर मागे निघाले. आरशात सारखे दिसत होते, कधी लहान, कधी मोठे. ताईचं एक लक्ष रस्त्यावर आणि एक आरशात.

वाटेत राजूरला आम्ही चहाला थांबलो. ते पाच मिनिटांनी पोचले, भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. मी म्हटलं, "काय निकाल?" त्यांनी बशी पुढे ओढली. बशीत चहा ओतून तसाच धरून बसले. मग म्हणाले, "तीन जागी खड्ड्यात गेल्तो, सुधाकरराव. ह्या रस्त्यानं तेहतीस सालं येऊन राह्यलो. कधी गेल्तो न्हाई. ही मागून खांदा दाबायची. दाबला की मी हळू घ्यायचो. मला वाटायचं, रस्ता मला पाठ हाय." एवढं बोलून त्यांनी चहा प्यायला.

इतके दिवस मीही त्यांना हसत होतो. त्या क्षणी मला वाटलं, ते दीड वर्ष गाडी तपासत नव्हतेच. गाडी आली की स्कूटरची मागची सीट रिकामी होणार, एवढं त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असावं, आणि ते लिहायला वहीत रकाना नव्हता. मला त्यांची फार माया आली.

ताईने चहाचा ग्लास ठेवला, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि जाऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर बसली. पुढचा रस्ता मी गाडी चालवली आणि आरशात ते दोघं. भोकरदनच्या वेशीवर मात्र तिने मला हात करून थांबवलं, पदर झटकला, चेहरा पुसला आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसली. दारात म्हातारी उभी होती. लेक गाडीतून उतरताना तिने पाहिली, टायरपासून टपापर्यंत गाडी पाहिली, मग मागून फटफटत आलेल्या धुळकट जावयाकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "ह्यास्नी आधी अंघोळीला पाणी काढ रे. हे उगवले एकदाचे." आठ दिवसांसाठी जालन्याला आलेल्या सासूबाई चाळीस दिवस राहिल्या आणि रोज संध्याकाळी लिंबाखाली खुर्ची टाकून गाडीकडे तोंड करून बसल्या.

याला आता सहा वर्षं झाली. हप्ते केव्हाच फिटले. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, शांतपणे, झोपेत. गाडी ताई चालवते आणि साडू शेजारी बसून वेगाची नोंद ठेवतात. स्कूटर पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली असते. तिच्या हँडलला त्यांनी सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे, कंपनीत पिशवीला बांधायचे तशी: राखीव नमुना. ताईचा गुडघा आता दुखतो, स्कूटरवर बसायला तिला पायरीचा आधार घ्यावा लागतो. तरी रविवारी सकाळी ते दोघं गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून येतात, खड्डा असो-नसो, तिचा हात त्यांच्या खांद्यावर. मागच्या रविवारी मी दारात उभा होतो. स्कूटर तीनदा बंद पडली, चौथ्यांदा धूर सोडत आली. मी चेष्टेने विचारलं, "काय साडूभाऊ, किती टक्के उगवण? लॉट पास का नापास?"

ते चादर नीट घालत होते. कोपरे ओढून झाल्यावर म्हणाले, "हा लॉट इकायचाच न्हाई, सुधाकरराव. मंग पास-नापास कशाला बघायचं?"