पिशवीचा तळ

ओबेड टॅपरबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. मी पब चालवते. दोन ग्लास सायडर पोटात गेल्यावरही जो माणूस स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय असंच मी समजते. ओबेड शेतांच्या कुंपणाची झुडपं वाकवून बांधायचा आणि एकटा राहायचा. त्याच्याकडे एकच गाय होती, तिच्या बरगड्या रस्त्यावरून दिसायच्या. आळशी माणसाची गाय अशीच असणार, असं आम्ही म्हणायचो. पण कुरणाची पिशवी त्याच्या हातात होती, म्हणून त्याच्यावर नजर ठेवणं भाग होतं.

नदीकाठचं कुरण सगळ्या गावाचं. उन्हाळ्यात गवत कापणीला आलं की त्याच्या पट्ट्या वाटून घ्यायच्या, आणि वाटणी करायची ती हॉलीच्या लाकडाच्या गोट्यांनी. प्रत्येक गोटीवर एकेका पट्टीची खूण कोरलेली: कुठे नाल, कुठे विळा, कुठे बदकाचा पाय. चामड्याच्या पिशवीत हात घालायचा, निघेल ती पट्टी त्या वर्षापुरती आपली. जो पिशवी धरतो त्याने स्वतः हात घालायचा नाही, शेवटी उरेल ती गोटी त्याची. ओबेडच्या आधी त्याचा बाप पिशवी धरायचा. नालाची पट्टी सगळ्यांत उत्तम. बदकाची म्हणजे नुसती दलदल, तिथलं गवत जनावर हुंगतं आणि तोंड फिरवतं.

त्या वर्षी नाल लव्हडे कोलला निघाला. लव्हडे विधवा, दिसायला बरी, आणि आदल्या वर्षीही नाल तिलाच निघाला होता. त्यातून तिचं कुंपण ओबेडने हिवाळ्यात बांधून दिलेलं सगळ्या गावाने पाहिलं होतं. संध्याकाळी पबमध्ये दुसरा विषयच नव्हता. सायलस व्हिकरीचं म्हणणं असं की ओबेड नालाची गोटी काखेत धरून गरम करतो, आणि लव्हडेचा हात बरोबर ती ओळखतो. मला ते पटलं. मला असल्या गोष्टी लगेच पटतात.

ओबेड कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. भांडण पेटू नये म्हणून पाद्रीबुवांनी मध्येच 'लॉट' या शब्दाचं पुराण लावलं. आधी लॉट म्हणजे खूण केलेला लाकडाचा तुकडा, आपली ही गोटीच. मग त्या तुकड्याने जे वाट्याला येईल ते, म्हणजे जमिनीची पट्टी. मग देवाने माणसाच्या वाट्याला घातलेलं आयुष्य, तेही लॉट. लिलावात एकत्र मांडलेला माल लॉट, भरपूर काही असलं तरी लॉट, आणि तोच शब्द परदेश फिरून लॉटरी होऊन घरी आला.

"आणि वाईट माणसाला आपण बॅड लॉट म्हणतो," सायलस ओबेडकडे बघत म्हणाला. "ते कुठून आलं, बुवा?"

तेही लिलावातूनच, बुवा म्हणाले. ज्या मालावर कुणी बोली लावत नाही, तो.

ओबेडने ग्लास खाली ठेवला. "त्याचंही काहीतरी करावं लागतंच की," एवढंच बोलून तो घरी गेला. हा कबुलीजबाबच झाला, असं आम्ही ठरवलं.

पुढच्या वर्षी पिशवी काढून घेतली. ओबेड एका शब्दाने भांडला नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. सायलसने पिशवी गळ्यात अडकवली आणि दोन्ही हात वर धरले. गोट्या आधी माझ्या बादलीत गार पाण्यात बुडवल्या होत्या. मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. माझी पाळी आली, हात घातला, गोटी काढली.

"खूण काय?" सायलसने विचारलं.

मला खूण दिसेना. बाकीच्या गोट्यांवर कोरीवकाम लख्ख होतं, माझी मात्र वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत. सगळ्यांच्या निघाल्यावर हिशेब लागला. माझी गोटी बदकाची होती.

"गेल्या वर्षी बदक कुणाला होतं?" लव्हडेने विचारलं.

ओबेडला. त्याच्या आदल्या वर्षी? ओबेडला. त्याही आधी ओबेडला, आणि त्याआधी त्याच्या बापाला. सायलसने पिशवी उलटी करून पाहिली. तळाच्या कोपऱ्यात चामडं एका जागी झिजून चकाकत होतं, बरोबर अंगठ्याएवढं. इतकी वर्षं आम्ही सगळे पिशवीच्या तोंडाकडे बघत होतो. ओबेड ती खालून धरायचा, आणि कोपऱ्यातली एक गोटी चिमटीत दाबून ठेवायचा.

"म्हणजे फसवत होताच," सायलस म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"होतो," ओबेड म्हणाला. "बदक निघालं की माणसं भांडतात. बा म्हणायचा, एकदा भांडणं लागली की कुरण मोडतं. म्हणून ते निघूच द्यायचं नाही."

मी रागावले होते. कुणावर ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या हिवाळ्यात माझ्या तट्टाने गवताला तोंड लावलं नाही आणि वसंतापर्यंत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्याच वेळी ओबेडची गाय, आयुष्यात पहिल्यांदा, अंगाने भरली. मी रोज दारातून ती बघायचे.

उन्हाळा आला. कुरणाच्या फाटकापाशी सगळे जमले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सायलसने पिशवी गळ्यातून काढली आणि ओबेडच्या हातात दिली. ओबेडने आमच्याकडे एकवार पाहिलं. मग पिशवी खालून धरली.

नदीला त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळे नदीकडे बघत होते. मीसुद्धा.